कौसाआत्या आणि इंदूरचा आवाज

कौसाआत्या फोन उचलल्यावर कधी ‘हॅलो’ म्हणाली नाही. रिसीव्हर कानाला लागला की तिचे प्रश्न सुरू होत. “कोन बोलतंय? कुठनं बोलतंय? आन् समोर काय दिसतंय?”

पहिल्या दोन प्रश्नांना कुणीही उत्तर देतं. तिसऱ्याला माणूस गडबडतो. माझं लग्न ठरलं तेव्हा मी शिरूरच्या स्टँडवरून तिला मोठ्या उमेदीनं फोन केला, तर म्हणाली, “आधी समोर काय दिसतंय ते सांग.” मी सांगितलं, समोर रसवंती आहे, बंद आहे, दारात कुत्रं झोपलंय. “बरं. आता बोल.” मी म्हटलं, “आत्या, लग्न ठरलं.” ती म्हणाली, “तुझं का कुत्र्याचं?”

आमच्या घरात प्रत्येकाकडे एकेक खातं आहे. थोरल्याकडे ऊस, धाकट्याकडे पंचायत, वहिनीकडे सगळ्यांची दुखणी. गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आलं, कारण त्याला भांडवल लागत नाही आणि ते बुडीत निघालं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. कौसाआत्याची गोष्ट मात्र मी टाळत आलो. तिच्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण सांगून झाल्यावर थकायला होतं. ती स्वतःही कायम थकलेलीच असायची. एखाद्याला सकाळी उठल्यावरच दिवस मावळल्यासारखं वाटतं, तशी.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला. लग्नाचं कुणी मनावर घेतलं नाही. तिनंही आठवण करून दिली नाही. नव्वदीच्या सुरुवातीला अपंगांच्या कोट्यातून तिला एसटीडी बूथ मिळाला आणि वडिलांनी तो चौफुल्याला टाकून दिला. पुणे-सोलापूर रस्ता आणि शिरूरकडून येणारा रस्ता तिथं एकमेकांना छेदतात. चौफुल्याला तमाशाची थेटरं असल्यामुळे “रविवारी चौफुल्याला आत्याकडे चाललोय” असं मी दूध संघातल्या ऑफिसात सांगितलं की सहकारी एकमेकांकडे बघून घसा साफ करत. आत्या खरी आहे हे पटवायला मी एकदा हेडक्लार्कला घेऊन गेलो. आत्यानं त्याला समोर काय दिसतंय ते विचारलं. तो म्हणाला, “थेटर.” त्यानंतर माझी जास्तच बदनामी झाली.

रांजणगावला कारखाने उभे राहायला लागले तसा तिकडचा माल न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरू लागला. ट्रक थांबत, ड्रायव्हर चहा पीत, आणि घरी फोन करायला पिवळ्या पाटीखाली रांग लावत. काचेच्या खोक्यात उभं राहून ओरडून बोलायचं ते दिवस. आत्याला सगळ्यांचं सगळं ऐकू येई. कुणाची बायको माहेरी गेली, कुणाच्या पोराला ताप आला आणि कोण फसलं.

फसणारे पुष्कळ असत. तऱ्हा बहुतेक एकच. ड्रायव्हर माल घेऊन हजार मैल जाणार. मालासोबत बिल्टी, म्हणजे कुणाचा माल, कुठल्या गोदामात उतरवायचा, हे सांगणारा कागद. गाव जवळ आलं की नाक्यावर मोटारसायकलवर एखादा सभ्य माणूस भेटणार. गाडीचा नंबर त्याला पाठ, मालकाचं नाव पाठ. म्हणणार, “अरे उस्ताद, कधीची वाट बघतोय. त्या गोदामात पाणी शिरलंय, माल इकडं खाली करायचाय.” चहा पाजणार, हमाल लावणार, पोच म्हणून कागदावर शिक्का मारून देणार. ड्रायव्हर खुशीत घरी. आठ-पंधरा दिवसांनी खरा मालक म्हणतो, माझा माल आलाच नाही. शिक्का खोटा, गोदाम रिकामं, सभ्य माणूस गायब. उरतो कोण? ड्रायव्हर. त्याला घेऊन जातात.

आत्याचं म्हणणं एवढंच होतं की बिल्टीवरच्या पत्त्याबाहेर माल उतरवायचा नाही. आणि कुणी उतरव म्हटलं तर आधी मला फोन कर.

“तुला फोन करून काय व्हनार आत्या? तू हितं, आमी तिकडं कानपुरात,” एक ड्रायव्हर म्हणाला.

“कानपुरात बी माझ्यासारखीच एक मेली बसली आसंल की बूथ घिऊन,” आत्या म्हणाली.

आणि खरोखरच तिनं तशी माणसं जमवली. हुबळी, नागपूर, हैदराबाद, इंदूर. जिथं आपले ड्रायव्हर वारंवार जातात त्या मालधक्क्याशेजारचा बूथवाला हुडकायचा, ड्रायव्हरकडून नंबर मागवायचा आणि सरळ फोन लावून ओळख करून घ्यायची. तिचं हिंदी दौंडच्या रेल्वे क्वार्टरांमध्ये शिकलेलं. “भाऊ, हमारा डायवर सादा हाय. उसको बसाव, चहा पिलाव. तुम जरा जाके देखो, वो गोडाऊनपे पाटी कुणाची लगी हाय.” पलीकडचा माणूस सायकल काढून जायचा आणि येऊन सांगायचा. त्याचा माणूस आपल्याकडे आला की आत्या कुणाला तरी मोटारसायकलवर कुरकुंभला, नाहीतर दौंडला पिटाळायची. ह्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरांच्या हातून त्यांची देवाणघेवाण मात्र चालायची. हुबळीहून मिरच्या यायच्या, इंदूरहून शेव. आत्या उन्हाळ्यात कुरडया घालायची त्या अर्ध्या परराज्यात जायच्या. आम्ही पुतणे-भाचे वास घेऊन परत यायचो.

तिच्यावर चिडणारेही होते. एकदा सफारी घातलेला एक गृहस्थ बूथसमोर खुर्ची टाकून बसू लागला. दौंडच्या मालधक्क्यावरून परतीचा माल मिळवून देतो म्हणून ड्रायव्हरांकडून आधी दलाली मागायचा. कार्ड छापलेलं, खाली फोन नंबर. आत्यानं दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्यासमोरच त्याच्या कार्डावरचा नंबर लावला आणि रिसीव्हर एका ड्रायव्हरच्या कानाला दिला. पलीकडून आवाज आला, “सुंदर केशकर्तनालय.” ड्रायव्हरनं साहेबांचं नाव विचारलं. न्हावी म्हणाला, “त्ये व्हय? दाढी करून गेलं की सकाळी. निरोप आसंल तर सांगा, परवा कटिंगला येनार हायती.” सफारीवाला खुर्ची तिथंच सोडून गेला. आत्या ती खुर्ची पुढं वापरत होती, पण विजय मिळवल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसला नाही. “उद्या दुसरा यील,” म्हणाली. “आन् ह्यातलंच एक बेनं त्याला बी दलाली दील. मी किती जनांच्या कानाला फोन लावू?”

मलाही समाजकार्याचा झटका आला होता. मी एका रविवारी पत्र्यावर सुवाच्य अक्षरात फलक रंगवून नेला: ‘वाहनचालक बंधूंनो, सावधान!’ खाली सूचना. ‘अनोळखी इसमाच्या गोड बोलण्यास भुलू नका’ हे वाक्य मला विशेष जमलंय असं वाटत होतं. पुढच्या खेपेला गेलो तर फलक बूथच्या मागं मोरीवर उलटा टाकलेला. आत्या म्हणाली, “पत्रा चांगला हाय रं.” माझं एवढं मजबूत लेखन त्यानंतर झालं नाही.

बिरा हा तिचा खास. न्हावऱ्याकडचा. त्याचे वडील धुळाआबा आयुष्यभर मेंढरांमागं चालले. मग मेंढरं विकून पोराला जुना ट्रक घेऊन दिला. बिरा गाडीला हात लावताना मेंढीच्या पाठीवर हात फिरवावा तसा लावायचा. आणि तो आत्याचं ऐकायचा. बाकीचे ऐकल्यासारखं करायचे. बिरा कंटाळा येईल इतकं ऐकायचा. लोणी काळभोरला माल असला तरी फोन करायचा. “आत्या, करू का खाली?” आत्या डोक्यावर हात मारून घ्यायची. “कर रं बाबा! तितनं तुजी हाक बी यील मला!”

त्याला रांजणगावहून तांब्याच्या तारेची भरती मिळाली, इंदूरची. इतका किमती माल पहिल्यांदाच. इंदूरच्या नाक्यावर एक जण भेटला. तुमचं गोदाम बदललंय म्हणाला. बिरा म्हणाला, थांबा, मला आत्याला विचारायचंय. तो माणूस हसला असेल. बिरानं फोन केला. आत्यानं तो उभा होता त्या बूथचा नंबर विचारून घेतला, तिथनं हलू नको म्हणून सांगितलं आणि इंदूरच्या मालधक्क्याजवळ दुबेंचा बूथ होता, तिथं फोन लावला. दुबेभाऊंशी तिची कितीतरी वर्षांची बोलाचाली. त्या दिवशी आवाज मात्र तरुण होता.

“मामाजी खाना खाने गये हैं, बुआजी. मैं उनका भानजा.”

आत्यानं विचारलं, समोर काय दिसतंय? त्यानं सांगितलं, मालधक्क्याचं फाटक, पिंपळ, पिंपळाखाली मोची. सगळं बरोबर. तरी ती घुटमळली. तेवढ्यात तो म्हणाला, “बुआजी, आपकी कुरडई बहुत बढ़िया थी. मामीजी ने कल ही तली.”

आत्या विरघळली. ज्यानं आपल्या घरचं खाल्लं तो खोटं बोलणार नाही, हा आमच्याकडे फार जुना समज आहे. तिनं नव्या गोदामाचं नाव सांगितलं. भाचा जाऊन आल्याइतका वेळ घेऊन म्हणाला, बरोबर आहे, त्याच पार्टीचं आहे. आत्यानं बिराला सांगितलं, “कर खाली.”

भाचा त्या ठगांच्या टोळीतलाच होता. कुरडई त्यानं खरंच खाल्ली होती, एवढं एक सोडलं तर बाकी सगळं खोटं.

पुढच्या खेपेला बिराला इंदूरच्या पोलिसांनी गाडीसकट धरलं. आत्याला विचारून मगच माल खाली केला, असं तो सांगत होता. कोण आत्या? तर चौफुल्याची. पोलिसांना ते चौफुल्याइतकंच लांबचं वाटलं असावं. इकडं न्हावऱ्यात लोक म्हणू लागले, तांबं खाल्लं, धनगराचं पोर एवढ्यात बंगला बांधतंय बघा. धुळाआबा बाजाराला जायचे बंद झाले.

आमच्या घरात बैठक झाली. दौंडच्या एका वकिलांनी वडिलांना सांगितलं होतं की तुमच्या बहिणीनं यात पडू नये, उद्या तिलाच टोळीत घेतील. वडिलांनी ते आत्याला जरा मोठ्या आवाजात सांगितलं.

“टोळीतच हाय की मी,” आत्या म्हणाली. “खाली कर म्हनलं कुनी? भाच्याचं म्या ऐकलं आन् माझं बिरानं. मधली कडी मी हाय. मी गप बसले तर पोरगं एकटंच लोंबकाळतंय.”

“जाणार कशी तू? हा पाय घेऊन?”

“रेल्वेला पाय हायत.”

दौंडहून आम्ही गाडी धरली: आत्या, धुळाआबा आणि मी. माझी निवड हिंदीच्या परीक्षा पास झाल्यामुळे झाली होती. त्या परीक्षांमध्ये पोलिस ठाण्यात काय बोलायचं ह्यावर प्रश्न नव्हता हे मला भुसावळच्या पुढं आठवलं.

धुळाआबा घोंगडी पसरून खालीच बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, “कौसाबाई, मेंढराला बी आवाज वळखू येतो. परका आला तर मान वर करतंय. तू कशी फसलीस?”

आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मेंढराला कुनी कुरडयांची तारीफ करत न्हाई, आबा.”

म्हातारा हसला नाही. पण आपल्याजवळच्या भाकरीतला तुकडा मोडून त्यानं तिच्या हातावर ठेवला.

दुबेभाऊ दिसायला इवलासा माणूस निघाला. एवढा मोठा आवाज त्यात मावायचा कुठं, कोण जाणे. आत्याला बघून त्यानं हात जोडले आणि तिच्या पायाकडे नजर गेल्यावर खाली बघितलं. तिनं पाय अधू असल्याचं त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यानं भाच्याचं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बूथवर कोण होतं हे त्याला ठाऊक होतं. भाचा तेव्हापासून घरी नव्हता.

“भाऊ,” आत्या म्हणाली, “लडका मेरे बोलनेपे माल उतार्या. मैं तुमारे बूथके बोलनेपे बोली. अब तुम बोलो.”

“बहन का लड़का है, बहनजी. बिना बाप का.” आतल्या पडद्याआड कुणीतरी उभं होतं, तिच्या बांगड्या वाजल्या. बहीणच असावी.

“तो बिरा बी किसी का हाय. उसका बाप बाहर पायरीपे बैठ्या हाय.”

दुबेभाऊ बाहेर डोकावले. धुळाआबा पायरीवर बसले होते, काठी मांडीवर आडवी. त्यांना हिंदी येत नव्हतं. त्यांनी फक्त वर बघितलं.

“एक दिन दीजिए,” दुबेभाऊ म्हणाले.

तो दिवस आम्ही धर्मशाळेत काढला. मी आत्याला म्हटलं, “तो येणार नाही. भाच्याविरुद्ध कोण साक्ष देतं?” आत्या पाय चोळत होती. म्हणाली, “तुझ्याइरुद्ध म्या दिली आसती.” मग माझं तोंड बघून म्हणाली, “दिली आसती, पन डोळं पुशीत.”

दुसऱ्या दिवशी ठाण्यात ती बाकावर जाऊन बसली. साहेब नाहीत, नंतर या, म्हणाले. तरी बसली. तिथल्या हवालदाराला तिनं आपल्या हिंदीत सगळं सांगितलं, मी मधेमधे ते शुद्ध केलं, आणि मी शुद्ध केलेलं त्याला कळेनासं झालं म्हणून त्यानं मला गप बसायला सांगितलं. दुपार कलली. मग फाटकातून दुबेभाऊ आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, लग्नाला निघाल्यासारखा. आमच्याकडे न बघता आत गेले आणि त्यांनी सांगितलं. त्या वेळी मी घरी होतो, बूथवर माझा भाचा होता, फोन ह्या बाईंनीच केला होता. बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

“अब बहन मुझसे बात नहीं करेगी,” ते आत्याला म्हणाले.

आत्यानं मान हलवली. तिच्याजवळ द्यायला काही नव्हतं. त्या खेपेला तिनं कुरडया नेल्या नव्हत्या.

बिरा सुटला. चोर न राहता साक्षीदार झाला. गाडी सुटायला मात्र पावसाळा गेला. ठाण्याच्या आवारात उभी राहून तिचे टायर गेले, हौद्यात गवत उगवलं. बिरानं ती ओढून आणली, उभी केली, पण तो चौफुल्याला थांबेना. आत्याच्या दारावरून गाडी जायची. बिरा सरळ रस्त्याकडे बघायचा. आत्या खाली बघायची. आम्ही कुणी विषय काढला की म्हणायची, “कशापायी थांबावं त्यानं?”

आणि ती बदलली. फोन लावून द्यायची, पण ‘कर खाली’ हे शब्द तिच्या तोंडून परत कधी आले नाहीत. ड्रायव्हर म्हणायचे, “आत्या, तूच सांग.” ती म्हणायची, “मी नंबर लावते. इचार तू, ऐक तू, ठरीव तू.” इंदूरला फोन लावावा असं तिचं कुणी उरलं नाही. दुबेभाऊंनी बूथ विकला असं कुणीतरी सांगितलं. मग मोबाइल आले. काचेच्या खोक्यात वेफर्सची पाकिटं टांगली गेली. ठगांनाही मोबाइल मिळाले आणि त्यांना नाक्यावर उन्हात उभं राहायचं कारण उरलं नाही. आत्याला ह्यात नवल वाटलं नाही. “त्यांची सोय झाली,” एवढंच म्हणाली.

तिला मी शेवटची पाहिली ती अशाच एका रविवारी. शिरूरची एसटी यायची होती, मी पिशवी घेऊन बूथसमोर उभा होतो. भरलेला ट्रक कडेला लागला आणि बिरा उतरला. केस पांढरे व्हायला लागले होते. आत्याची पाठ ताठ झाली.

“पार्टीचा फोन आलाय,” तो बूथच्या दारात उभं राहून म्हणाला, जणू कालच गेला होता. “पत्ता बदला म्हनतीय.”

“तुझ्या खिशात फोन हाय की.”

“त्याच्यावरच आलाय.”

“मग हितं कशाला? मागं सांगितलं त्याचं काय झालं इसरलास का?”

“न्हाई इसरलो,” बिरा म्हणाला. “माल खाली कर म्हननारी लय भेटली, आत्या. ठाण्यात यिऊन बसनारी तू यकलीच.”

आत्यानं टेबलाचा आधार घेतला, उठली आणि खुर्चीकडे बोट केलं. “बस.” बिरा घुटमळला. “बस म्हनते ना. लाव तूच.” तिच्या खुर्चीत बिरा बसला, आणि आत्या पाय ओढत बाहेर येऊन गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर टेकली. बिरानं बिल्टी पुढ्यात धरून नंबर लावला, बोलला, रिसीव्हर ठेवला.

“काय म्हनतोय?”

“व्हय म्हनतोय. गोडाऊन बदललंय.”

“कोन?”

“मालाचा मालक.”

“बिल्टीवरच्या नंबरावर का त्यानं दिलेल्या?”

“बिल्टीवरच्या.”

“अजून येकाला इचार,” आत्या म्हणाली. “त्याच्या शेजाऱ्याला. मग तिसऱ्याला.”

बिरानं परत रिसीव्हर उचलला. माझी एसटी आली, कंडक्टरनं दारावर थाप मारली, मी चढलो. खिडकीतून बघितलं तर बिरा कुणाशीतरी बोलत होता, दुसऱ्या कानात बोट घालून. आत्या बाकड्यावर बसून त्याच्याकडे नाही, त्याच्या ट्रककडे बघत होती. माल दोऱ्यांनी घट्ट बांधलेला होता. निघायची घाई त्या दोघांपैकी कुणालाच दिसत नव्हती.